पावती गल्ल्यात नको, फाइलीत ठेवा

रमजान आला की कोलशेत रोडवरच्या दुकानांत, वर्कशॉपमध्ये पावतीपुस्तके घेऊन मदरशांची, अनाथालयांची माणसे येतात. जकात असो वा सदका, आपले व्यापारी-कारागीर हात आखडत नाहीत. पावती मात्र गल्ल्यात पडते आणि ईदनंतर रद्दीत जाते. ही सवय आता महागात पडू शकते.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी २१९ विरुद्ध १८४ मतांनी एक विधेयक संमत केले. अर्थमंत्र्यांनी एखादी संस्था दहशतवादाला मदत करते असे ठरवले, की ९० दिवसांच्या नोटिशीनंतर तिची करसवलत काढता येईल, अशी त्यात तरतूद होती. आधी न्यायालयात आरोप सिद्ध करण्याची अट नव्हती. सिनेटची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

आपल्याकडे काय? बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली सरकार बंदी घालते आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे न्यायाधिकरण ती नंतर तपासते. मुंबईच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर नोव्हेंबर २०१६ मध्ये अशीच बंदी आली. २०२१ मध्ये ती आणखी पाच वर्षे वाढवली गेली.

करसवलतीची गोष्ट वेगळी. ती काढायला आयकर खाते बंदीची वाट पाहत नाही. पॉप्युलर फ्रंटवर बंदी आली सप्टेंबर २०२२ मध्ये. आयकराची नोंदणी २०२१ मध्येच रद्द झाली होती. बंदीच्या अधिसूचनेत केंद्र सरकारने त्याची कारणे दिली: ज्यांच्या नावे रकमा जमा झाल्या, त्या खातेदारांची आर्थिक ऐपत त्यांच्याशी जुळत नव्हती आणि संस्थेचे काम जाहीर उद्दिष्टांप्रमाणे नव्हते. म्हणजे तपास संस्थेच्या दप्तरापाशी थांबत नाही, देणाऱ्याच्या खात्यापर्यंत येतो.

नोंदणी रद्द करण्यापूर्वी संस्थेला सुनावणी द्यावी लागते आणि आदेशावर अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु निकाल लागेपर्यंत देणग्या आटतात आणि झळ बसते ती अनाथांना व विद्यार्थ्यांना.

म्हणून व्यापारी बंधूंनी एवढे करावे. देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडील आणि आयकराकडील नोंदणी पाहावी, तिची मुदत तपासावी. रक्कम चेकने द्यावी. दोन हजारांवरील रोख देणगीला वजावट मिळतही नाही. दुसऱ्याची रक्कम आपल्या खात्यातून पाठवू नये. दिलेली देणगी वहीत चढवावी.

उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण दिखावा टाळण्यासाठी आहे. वही कोरी ठेवण्यासाठी नव्हे.