पायाखालचे डोंगर

वसईत रूपांतरित खडक पाहायचा असेल तर डोंगरात जाऊन उपयोग नाही, महामार्गालगतच्या मार्बलच्या वखारीत जावं. तिथे राजस्थानातल्या मकराण्याचा पांढरा संगमरवर उभा रचून ठेवलेला असतो. कोणे एके काळी तो समुद्रतळावरचा चुनखडक होता. जमिनीच्या पोटात भाजून आणि दाबून निघाला तेव्हा त्याचा संगमरवर झाला. शेजारी दक्षिणेतून आलेला काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा दगड असतो. दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, बिलावरही ग्रॅनाइटच लिहितो, आणि आपण तो ओट्याला बसवतो. भूशास्त्रज्ञ त्यातल्या बऱ्याच लाद्यांना नाइस म्हणतील. मराठी परिभाषेतला शब्द आहे पट्टिताश्म. दिवाळीत उंबऱ्याबाहेर आपण जी रांगोळी घालतो तीही बहुधा संगमरवराची, नाहीतर गारेची भुकटी. म्हणजे घरात, दारात हा खडक भरपूर. तालुक्याच्या डोंगरांत मात्र त्याचा मागमूस नाही.

तुंगारेश्वर घ्या, कामणदुर्ग घ्या, जीवदानीचा डोंगर घ्या, सगळा काळा कातळ. दगडखाणीत सुरुंग लावून, क्रशरमध्ये घालून आपण ज्याची खडी करतो तो हाच. पाटा-वरवंटाही त्याचाच. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात, आणि त्याच्या थरांना ‘ट्रॅप’. हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. जीवदानीच्या पायऱ्या चढताना धाप लागली की मला हटकून हे आठवतं: माणसाने पायऱ्या केल्या त्या आधीच पायऱ्या असलेल्या डोंगरावर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली, लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि महाराष्ट्राचे पाचांतले चार हिस्से त्याने झाकलेले आहेत.

आपण सह्याद्रीला पुराणपुरुष म्हणतो. भूशास्त्राच्या हिशेबात तो परवाचा. शिवाय, हे ऐकून रागावणारे पुष्कळ भेटतील, पण सह्याद्री रूढ अर्थाने पर्वतही नाही. हिमालय दोन भूखंडांच्या रेट्यात चुरगळून वर आला. सह्याद्रीचे थर बहुतेक ठिकाणी आडवे, पोथीच्या पानांसारखे एकावर एक. तो एका पठाराचा झिजत मागे सरकलेला कडा आहे. (आपल्याकडे, किनाऱ्याच्या पट्ट्यात, हे थर पश्चिमेला समुद्राकडे झुकलेले आहेत, त्या वाकेला पनवेलचं नाव मिळालं आहे.) खरे चुरगळलेले, वळ्या पडलेले पर्वत महाराष्ट्रात होऊन गेले ते त्याच्या कितीतरी आधी. त्यांची उंची आता उरलेली नाही, मुळं तेवढी उरली आहेत. रूपांतरित खडक म्हणजे पर्वताचं मूळ.

खडक रूपांतरित होतो म्हणजे वितळत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. वितळला तर तो पुन्हा अग्निजन्य. चिखलाचा थर वीस-पंचवीस किलोमीटर खोल गाडला गेला, चार-सहाशे अंशांपर्यंत तापला, बाजूंनी आवळला गेला, की घन अवस्थेतच त्याच्यातली खनिजं एकमेकांशी सोयरीक करून नवी खनिजं जन्माला घालतात. अभ्रकाचे पापुद्रे दाबाला काटकोनात ओळीने लागतात आणि पदर सुटणारा शिस्ट तयार होतो. अजून तापला तर गोऱ्या आणि काळ्या खनिजांची फारकत होऊन पट्टे पडतात, तो नाइस. लाल तामडे (गार्नेट) खडकातून डोळ्यांसारखे वर येतात. यातली तीन खनिजं तर मोठी चतुर: अँडाल्युसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट. तिघांचं रासायनिक सूत्र एकच. पण दाब कमी असेल तर पहिलं, दाब जास्त असेल तर दुसरं, ताप जास्त असेल तर तिसरं. कुठलं सापडलं यावरून तो खडक किती खोल आणि किती तापून आला, हे सांगता येतं. यातली दोन, कायनाइट आणि सिलिमनाइट, आपल्या भंडारा जिल्ह्यात खाणीतून काढली जातात.

भंडाऱ्याचं नाव निघालंच आहे तर तिथेच थोडं थांबू. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाची मँगनीजची मोठी खाण आहे. नाव डोंगरी, आजूबाजूला धानाची शेतं. नागपूर-भंडारा ते मध्य प्रदेशातलं बालाघाट, असा हा सौसर खडकांचा पट्टा. साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे भारताचे उत्तर आणि दक्षिण खंड एकमेकांत घुसत होते, आणि आज जिथे धान लावतात तिथे पर्वतरांग उभी राहत होती. त्या रेट्यात समुद्रतळावरचा मँगनीजयुक्त गाळ भाजला गेला आणि त्यातून गार व मँगनीजचा तामडा यांचा एक खडक झाला. एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या खडकाला नाव दिलं ‘गोंडाइट’, तिथल्या गोंडांवरून. आज जगात कुठेही असा खडक सापडला तरी त्याला हेच नाव लावतात. आपल्याकडच्या आदिवासींचं नाव जगाच्या खडकशास्त्रात कायमचं कोरलं गेलं, हे आपल्या पाठ्यपुस्तकांना सुचलेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरीकडे, दक्षिण कोकणात हे जुने खडक लाव्हाच्या गोधडीबाहेर पाय काढून बसले आहेत. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे उतरलं की काळा कातळ मागे पडतो. जांभ्याच्या खालून शिस्ट, क्वार्टझाइट आणि नाइस डोकावू लागतात. रेडीचं लोहखनिज त्यातलंच. कणकवलीजवळ कासार्ड्याची सिलिका वाळू येते ती यांच्यावर नंतर साचलेल्या कलादगी गटाच्या वालुकाश्मातून. रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा माणूस या मुलखात पायी आणि घोड्यावर हिंडला. त्याचा ‘दक्षिण मराठा मुलखा’च्या भूशास्त्रावरचा वृत्तान्त १८७६ सालचा आहे. इथल्या जुन्या शिस्टांच्या पट्ट्यांना ‘धारवाड’ हे नाव त्यानेच पुढे दिलं. गोव्याचं लोहखनिज ज्या पट्टेदार, घड्या पडलेल्या खडकांत आहे तेही याच कुळातले.

आणि या सगळ्यांच्या खाली, गोवा-कर्नाटक हद्दीवर, अनमोड घाटातला नाइस. रुबिडियमचं स्ट्राँशियममध्ये होणारं रूपांतर मोजून १९८७ साली त्याचं वय निघालं सुमारे ३४० कोटी वर्षं. हे घड्याळ भलतंच सावकाश चालतं: किरणोत्सारी रुबिडियमचा अर्धा साठा संपायला जवळजवळ पाच हजार कोटी वर्षं लागतात. एवढे आकडे डोक्यात बसत नाहीत म्हणून मी एक घरगुती हिशेब करतो. तुंगारेश्वरचा कातळ आज पहिला वाढदिवस साजरा करणारं पोर मानलं, तर अनमोडचा नाइस एक्कावन्न वर्षांचा आजोबा. आणि सोपाऱ्याला अशोकाने काळ्या कातळावर आज्ञा कोरून घेतली, जिचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींच्या संशोधनात सापडला, त्याला त्या पोराच्या आयुष्यात जेमतेम अठरा मिनिटं झाली.

मग वसईच्या कातळाखाली काय आहे? वसईत इतकं खोल कोणी खणून पाहिलेलं नाही. पण राज्यात इतरत्र खणलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप नको तिथे झाला होता. ही जमीन स्थिर म्हणून सगळे निर्धास्त होते. नंतर तिथे विंधण घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला, गाळाचा एक पातळ थर लागला, आणि खाली नाइस. कोयनेचा किस्सा याहून मोठा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपापासून तिथली जमीन पुरती शांत झालेलीच नाही. भूकंप होतो त्या जागीच जाऊन बघावं म्हणून कराडला संशोधन केंद्र उभं राहिलं आणि गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विंधण २०१७ मध्ये पुरं झालं. सव्वा किलोमीटर काळा कातळ, त्याखाली तळापर्यंत ग्रॅनाइट आणि नाइस. हादरे येतात ते या जुन्या खडकातल्या भेगांतून; वरचा लाव्हा बिचारा फक्त हलतो.

समुद्राच्या बाजूलाही तेच. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जिथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विंधण जहाजाने तेल शोधलं, त्या मुंबई हायच्या चुनखडकाखाली बेसाल्टबरोबर ग्रॅनाइटी आणि रूपांतरित खडकांचा तळ आहे, आणि त्याच्या भेगांतही तेल मिळालं आहे. अरबी समुद्राच्या त्या टोकाला सेशेल्स बेटांवर पंचाहत्तर कोटी वर्षांचे ग्रॅनाइट उघडे पडले आहेत. आपला लाव्हा वाहून जेमतेम थिजला असेल-नसेल तोच सेशेल्स आपल्यापासून तुटून निघालं. म्हणजे आपल्या जमिनीच्या जुन्या पायाचा एक तुकडा आज आफ्रिकेच्या बाजूला पर्यटकांच्या फोटोंत आहे.

मुरूड-जंजिऱ्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. तिथे लाव्हाच्या काळातच एक उष्ण रस खालून सुसाट वर आला आणि येताना वाटेतल्या भिंतींचे लचके तोडून आणले. त्या काळ्या भिंतीवजा खडकात आजही मुठीएवढे, बोराएवढे परके तुकडे अडकलेले दिसतात: कवचाच्या तळातला ग्रॅन्युलाइट हा रूपांतरित खडक, आणि त्याहूनही खालचे प्रावरणाचे तुकडे. विंधण यंत्र पोचणार नाही तिथला नमुना निसर्गाने घरपोच आणून दिला. गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे.

पालघर जिल्ह्यात मात्र खालच्या खडकाची आठवण होते ती अप्रिय कारणाने. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची माळ लागली. भिंतींना तडे गेले, लोक थंडीत घराबाहेर झोपले. हे धक्के कित्येक किलोमीटर खोलवरून येतात.

आणि दुसरं कारण प्रिय. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी: तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडं. आमच्याकडे सांधे धरले, खरूज झाली की म्हाताऱ्या माणसांना तिथे नेण्याचा प्रघात होता, अजून आहे. कुंडं देवीची, आणि पाणी गरम असण्याचं कारणही देवीचंच. पालघरच्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत असे झरे ओळीने आहेत. जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्या पाण्याची आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या वायूची तपासणी करणाऱ्या भूरसायनशास्त्रज्ञांना वायूत नायट्रोजनच्या जोडीला हेलियम मिळाला. हेलियम तयार होतो युरेनियम आणि थोरियम विघटित होताना. बेसाल्टमध्ये ती मूलद्रव्यं नावापुरती असतात, ग्रॅनाइट आणि नाइसमध्ये कितीतरी जास्त. पाणी लाव्हा ओलांडून खालच्या जुन्या खडकात फिरून आलं आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

गेल्या माघात अकलोलीला गेलो होतो. पहाटेची वेळ, कुंडावर वाफ, पायरीवर दोन बायका गुडघ्यापर्यंत पाय सोडून गप्पा मारत बसलेल्या. त्यांच्या पोटऱ्यांच्या मधून, तळाच्या दगडाच्या फटीतून, बुडबुड्यांची एक बारीक सर सतत वर येत होती. एकीने वाकून त्यांवर हात धरला. बुडबुडे तिच्या तळव्याला लागून फुटत राहिले.