वडिलांची छायाचित्रे : ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर

वडील गेल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी केव्हातरी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली जाते. जमिनीचे उतारे, विम्याच्या पावत्या, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या तळाशी काळ्या पानांचा एखादा अल्बम किंवा जीर्ण पाकीट हाती लागते. घर फलटणसारख्या गावातील असेल, तर त्यात मुधोजी हायस्कूलच्या वर्गाचे सामूहिक छायाचित्र सापडू शकते, मार्गशीर्षातील रामाच्या रथयात्रेची गर्दी दिसू शकते, माउलींची पालखी मुक्कामास आली असता ओसरीवर पंगतीला बसलेले वारकरी भेटू शकतात. आणि काही चेहरे असे निघतात, की ते कोणाचे हे आपल्याला सांगता येत नाही.

अशा वेळी आपण बहुधा मोबाइलवर त्यांची प्रत काढतो, कुटुंबाच्या गटावर पाठवतो आणि ट्रंक पुन्हा बंद करतो. ठेवा जपला गेला, असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्या कागदाहून नाजूक असे काही त्याच घरात असते, ते म्हणजे आईची, आत्याची किंवा काकांची स्मृती. कृष्णधवल छायाचित्र नीट ठेवले तर शतकभर टिकू शकते. त्यातील माणसाचे नाव मात्र ते ठाऊक असलेल्या शेवटच्या व्यक्तीबरोबर निघून जाते. म्हणून क्रम असा असावा : आधी विचारणे आणि लिहून ठेवणे, मग साफसफाई आणि स्कॅनिंग.

आठवण सांगणे हे आरोग्याचेच काम

उतारवयात माणूस जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगू लागला, की ते बुद्धी मंदावल्याचे चिन्ह मानण्याची रीत होती. १९६३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी वेगळा विचार मांडला. आयुष्याकडे मागे वळून पाहणे आणि त्याचा हिशेब लावणे ही वार्धक्यातील स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांसाठी जुनी छायाचित्रे, गाणी आणि वस्तू यांच्या साहाय्याने संवाद साधण्याची पद्धत रूढ झाली. या उपचाराच्या उपयुक्ततेचा २०१८ मध्ये जो व्यापक शास्त्रीय आढावा प्रसिद्ध झाला, त्यात लाभ माफक आणि कमी-अधिक आढळले. तरी काही रुग्णांत संवाद व जीवनमान यांत सुधारणा दिसली. थोडक्यात, छायाचित्रांनी स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि डॉक्टरांची औषधे त्यामुळे थांबवायची नाहीत. पण घरातले बोलणे पुन्हा सुरू होऊ शकते.

याला एक आधारही आहे. साधारण दहा ते तीस वर्षे या वयातील आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा अधिक टवटवीत राहतात. सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणारी आई लग्नातल्या शालूचा रंग अचूक सांगते, त्याचे नवल वाटू नये.

फलटणकरांना कमला निंबकर हे नाव बालभवन या शाळेमुळे परिचित आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा सुरू केली. हाताला आणि मनाला अर्थपूर्ण काम मिळाले, की माणूस सावरतो, हे या शास्त्राचे मूळ सूत्र. छायाचित्रे हे असेच काम आहे. माहेरची आणि सासरची छायाचित्रे वेगळी करणे, ती काळानुसार लावणे, पाकिटावर नाव घालणे यांत ज्येष्ठांना केवळ प्रेक्षक न ठेवता कर्ते करावे.

विचारावे कसे?

ज्यांची स्मृती शाबूत आहे, त्यांना थेट सन विचारल्यास ते गोंधळतात. आपल्याकडे काळ घटनांनी मोजला जातो. हे चित्र १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले त्याआधीचे की नंतरचे? १९६१ च्या पानशेतच्या पुरापूर्वीचे? १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे मूल किती मोठे होते? १९७२ च्या दुष्काळात हे घर बांधून झाले होते का? अशा खुणांनी साल जवळपास निश्चित करता येते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीशी बोलण्याची रीत निराळी ठेवावी लागते. ‘ओळख पाहू, हे कोण?’ हा प्रश्न टाळावा, कारण ती परीक्षा ठरते आणि नापास होण्याचे दुःख त्यांना कळते. त्याऐवजी नाव आपणच सांगावे : ‘आई, हे बघ आप्पा, हायस्कूलच्या पटांगणावर उभे आहेत.’ मग थांबावे. मुलाला पाहून तिने भावाचे नाव घेतले तर लगेच दुरुस्ती करू नये, भावाबद्दलच बोलावे.

सर्वांत अवघड क्षण येतो तो दिवंगत पतीचे छायाचित्र पाहून ‘हे अजून घरी कसे आले नाहीत?’ असा प्रश्न आला म्हणजे. निधनाची वार्ता प्रत्येक वेळी नव्याने सांगितली, तर ते दुःखही प्रत्येक वेळी नवेच होते. ‘तुला त्यांची आठवण येते आहे ना? त्यांना काय आवडायचे ग?’ असे म्हणून भावनेला उत्तर द्यावे. सांभाळणाऱ्या मुलासुनेचेही वडील गेलेले असतात, हे घरातल्या इतरांनी ध्यानात ठेवावे. त्यांचा कंठ दाटून आला, तर बैठक तेथेच आवरती घेण्यास हरकत नाही.

बैठक वीस-पंचवीस मिनिटांची पुरे, शक्यतो सकाळची. सायंकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढू शकते. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असावे, उजेड भरपूर असावा, समोर तीन-चारच चित्रे असावीत. लहान चित्रांच्या मोठ्या प्रती काढून घ्याव्यात.

एखाद्या छायाचित्रापाशी बोलणे अचानक थांबते. लहानपणी गेलेले मूल असेल, मोडलेले नाते असेल. तेथे आपणही थांबावे. आईला पाहायचेच नसेल तर आग्रह नको. दुःखामुळे झोप आणि भूक कित्येक आठवडे हरपली असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

कागदाची काळजी

ट्रंक माळ्यावर असेल तर ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये. वृद्धापकाळी पडण्याने मोडलेले खुब्याचे हाड सर्व आनंदावर पाणी फिरवते. धूळ आणि बुरशी असल्यास ट्रंक मोकळ्या हवेत, तोंडाला मुखपट्टी लावून उघडावी. दम्याच्या रुग्णांनी त्या वेळी दूर राहावे.

छायाचित्र कडेने धरावे, ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कुंचल्याने धूळ झटकावी. काचेला किंवा अल्बमच्या चिकट पानाला चित्र चिकटले असेल, तर ओढू नये. आहे त्याच स्थितीत त्याची प्रत काढावी. रंगीत छायाचित्रे कृष्णधवल चित्रांपेक्षा लवकर फिकट होतात, म्हणून स्कॅनिंगमध्ये त्यांना अग्रक्रम द्यावा. निगेटिव्ह फेकू नयेत. मात्र ज्यांना आंबूस, शिरक्यासारखा वास येतो त्या खराब होऊ लागलेल्या असतात, त्या वेगळ्या ठेवाव्यात. मूळ चित्रे पत्र्याखालच्या तापत्या माळ्यावर किंवा ओल्या भिंतीलगत न ठेवता कपाटाच्या मधल्या खणात ठेवावीत. स्कॅन केलेल्या प्रती दोन वेगळ्या घरी असाव्यात.

जुन्या कागदी छायाचित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत रंगीत चित्रांवर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा वेगळी चिठ्ठी जोडावी. चिठ्ठीवर पाच गोष्टी असाव्यात : नाव, नाते, गाव, अंदाजे साल आणि ही माहिती कोणी सांगितली. बोलणे चालू असताना, परवानगी घेऊन, मोबाइलवर आवाजही मुद्रित करावा.

सगळे चेहरे ओळखले जाणार नाहीत. त्या चिठ्ठीवर ‘ओळख पटली नाही’ एवढेच लिहावे आणि तिची प्रत गावोगावच्या नातलगांकडे पाठवावी. सांगलीतल्या मावशीला किंवा पुण्यातल्या चुलत्यांना ते नाव ठाऊक असू शकते. येत्या रविवारी सारी ट्रंक रिकामी करण्याचा घाट घालू नये. एक छायाचित्र, एक चिठ्ठी आणि शेजारी बसलेले एक वडीलधारे माणूस एवढ्याने आरंभ पुरेसा होतो.