सही करण्याआधी टॉम पेटी आठवा



करारावरच्या व्हिडिओत मी टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायकाचं उदाहरण दोन मिनिटांत सांगितलं होतं. ते नीट सांगायला हवं, म्हणून हा लेख. तुम्ही रॉक संगीत ऐकत नसाल तरी काही बिघडत नाही. हा माणूस गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा. पण त्याच्या करिअरचे टप्पे मांडून बघा, निम्मे टप्पे कागदावरचे निघतात: करार, कर्ज, किंमत, मालकी. म्हणजे आपल्याच धंद्यातले विषय.

पहिला सौदा: गलोल देऊन रेकॉर्ड्स

टॉमचा जन्म 1950 चा, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावातला. 1961 मध्ये जवळच्या ओकाला गावात एल्व्हिस प्रेस्लीच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. टॉमचे काका तिथे कामाला होते, त्यांच्यामुळे या पोराला एल्व्हिस जवळून बघायला मिळाला. घरी आल्यावर त्याने आपली गलोल एका मित्राला दिली आणि बदल्यात एल्व्हिसच्या रेकॉर्ड्स घेतल्या. तिथून गाण्याचं वेड लागलं ते कायमचं.

पुढे गावातच मडक्रच नावाचा बँड उभा राहिला. गिटारवर माइक कॅम्पबेल, कीबोर्डवर बेनमाँट टेंच. ही दोन नावं लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहेत.

1974 मध्ये मंडळी लॉस एंजेलिसला गेली आणि शेल्टर रेकॉर्ड्स या कंपनीशी करार झाला. पहिली रेकॉर्ड आली, चालली नाही, बँड फुटला. मग 1976 मध्ये टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स या नावाने पहिला अल्बम आला. अमेरिकेत सुरुवातीला त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. आधी दाद मिळाली ती इंग्लंडमध्ये, आणि त्यानंतर घरच्या बाजारात. आपला माल आपल्याच गल्लीत आधी खपेल असं नसतं, हे इथे दिसतं.

न समजलेला एक शब्द

आता मुद्द्यावर येऊ. सुरुवातीच्या करारात ‘पब्लिशिंग’ असा शब्द होता. टॉमला वाटलं, पब्लिशिंग म्हणजे गाण्यांची छापील पुस्तकं. तसं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. प्रत्यक्षात संगीताच्या धंद्यात पब्लिशिंग म्हणजे गाण्याची मालकी. गाणं रेडिओवर वाजलं, दुसऱ्याने गायलं, सिनेमात वापरलं, की येणारा पैसा या मालकीतून येतो. म्हणजे दुकानातला माल विकायला दिला असं वाटत होतं, आणि गाळाच लिहून दिला होता.

हे फक्त अमेरिकेत होतं असं समजू नका. समजा एक ताई घरी मसाले करतात. व्यापारी म्हणतो, ‘महिन्याला शंभर किलो घेतो, पाकीट आम्ही छापू, नाव आम्ही बघू.’ ऑर्डर मोठी, ताई खूश. दोन वर्षांनी त्या नावाला गिऱ्हाईक बांधलं जातं. मग प्रश्न येतो: नाव कुणाचं? कागदावर व्यापाऱ्याचं असेल तर ताईंचा हात म्हणजे नुसती मजुरी.

1979: कंपनी विकली, सोबत करारही

1979 मध्ये एबीसी रेकॉर्ड्स ही कंपनी एमसीए या मोठ्या कंपनीने विकत घेतली. शेल्टरचा माल एबीसीमार्फत बाजारात जायचा. त्यामुळे टॉमचा करारही आपोआप नव्या मालकाकडे गेला. टॉम अडला. मला न विचारता मला दुसऱ्याच्या ताब्यात कसं देता, हा त्याचा सवाल. कंपनीने कोर्टाची वाट धरली.

त्या वेळी तिसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगपोटी त्याच्या डोक्यावर पाच लाख डॉलरपेक्षा जास्त कर्ज होतं. त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऐकायला हार वाटते, पण ही चाल होती. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात, माणसाला पुन्हा उभं राहू न देणारे करार कोर्टाकडून मोडून घेण्याची वाट असते. त्याला वाट मिळाली तर उद्या बाकीचे कलाकारही त्याच वाटेने जातील, ही कंपन्यांची भीती होती.

त्या काळात रेकॉर्डिंग चालूच होतं. रोज काम संपलं की सहायक टेप्स उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि कुठे ठेवल्या हे टॉमला सांगायचा नाही. कोर्टात विचारलं तर ‘मला माहीत नाही’ हे खरं उत्तर देता यावं, म्हणून.

शेवटी तडजोड झाली. एमसीएच्याच छत्राखाली बॅकस्ट्रीट रेकॉर्ड्स हे नवं लेबल निघालं आणि टॉमला आधीपेक्षा चांगल्या अटी मिळाल्या. ऑक्टोबर 1979 मध्ये ‘डॅम द टॉर्पिडोज’ आला आणि अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेला. पहिल्या नंबरवर पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ होता, त्यामुळे तेवढी एक पायरी राहिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘आपणही दिवाळखोरी जाहीर करू’ हा यातला धडा नाही. टॉमकडे तयार माल होता, मागणी होती आणि चांगले वकील होते. आपल्याकडे बहुतेक वेळा यातलं एकच असतं. म्हणून आपला धडा अलीकडचा आहे: सहीच्या आधीचा.

1981: एका डॉलरची लढाई

पुढचा अल्बम ‘हार्ड प्रॉमिसेस’. तेव्हा अल्बमची छापील किंमत साधारण 8.98 डॉलर असायची. कंपनीने ठरवलं, टॉम आता मोठा स्टार आहे, याचा अल्बम 9.98 ला काढू. त्याला ‘सुपरस्टार प्रायसिंग’ असं नावही होतं. टॉमने साफ नकार दिला. अल्बम अडवून ठेवायची तयारी दाखवली, अल्बमचं नावच ‘8.98’ ठेवण्याचीही भाषा केली. कंपनी मागे हटली. अल्बम 8.98 लाच आला आणि पाचव्या नंबरपर्यंत गेला.

एक डॉलर म्हणजे जवळजवळ 11 टक्के वाढ. काउंटरवर उभी राहणारी बाई म्हणून सांगते, 11 टक्के गिऱ्हाइकाला लगेच कळतात. पण भाव वाढवूच नका असं मी म्हणणार नाही. तेल महागलं, भाडं वाढलं, तर भाव वाढवावाच लागतो, नाहीतर दुकान बंद पडेल. टॉमचं भांडण वेगळं होतं. खर्च वाढला म्हणून नव्हे, तर ‘हे लोक देतीलच’ म्हणून भाव वाढत होता. पहिल्या वाढीचं कारण गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता येतं, दुसरीचं सांगता येत नाही. भाव बदलण्याआधी स्वतःला हीच कसोटी लावा.

‘यात हिट नाही’

1988 मध्ये जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन आणि जेफ लिन यांच्यासोबत टॉम ट्रॅव्हलिंग विल्बरीज या गटात आला. त्याच सुमारास जेफ लिनला घेऊन त्याने ‘फुल मून फीव्हर’ हा स्वतःच्या नावाचा अल्बम केला, बराचसा माइक कॅम्पबेलच्या गॅरेजमध्ये. कंपनीने ऐकला आणि म्हणाली, यात हिट गाणं नाही. टॉमने तो बाजूला ठेवला. काही महिन्यांनी कंपनीतली वरची माणसं बदलली. जवळपास तोच अल्बम नव्या माणसांना ऐकवला, आणि ती खूश! 1989 मध्ये तो बाहेर आला. त्यातलं ‘फ्री फॉलिन’ सातव्या नंबरपर्यंत गेलं आणि अमेरिकेत अल्बमच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या.

एका खरेदीदाराचा नकार हा त्या खुर्चीवरच्या माणसाचा नकार असतो. बाजाराचं मत अजून यायचं असतं.

मालकी पंचवीस वर्षांनीही बोलते

2014 मध्ये सॅम स्मिथ या ब्रिटिश गायकाचं ‘स्टे विथ मी’ जगभर गाजलं. त्याची चाल टॉमच्या 1989 च्या ‘आय वोन्ट बॅक डाउन’शी जुळते असं लक्षात आलं. कोर्टात न जाता बोलून मिटलं: टॉम आणि जेफ लिन यांची नावं गीतकारांत आली आणि कमाईत हिस्साही मिळाला. टॉमने वर सांगितलं, मनात काही राग नाही, असं होतं कधी कधी. एवढ्या शांतपणे बोलता येतं, कारण गाणं कुणाचं यावर वाद नव्हता.

त्याच वर्षी ‘हिप्नॉटिक आय’ पहिल्या नंबरवर आला. पहिल्या अल्बमनंतर 38 वर्षांनी पहिला नंबर! 25 सप्टेंबर 2017 ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये 40 वर्षांच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. स्टेजवर माइक आणि बेनमाँट होतेच. आठवड्याभरात, 2 ऑक्टोबरला टॉम गेला. वय 66.

आता तुमचं काम

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हे चार प्रश्न वहीत लिहा:

1. यातला कुठला शब्द मला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही? तो शब्द समजेपर्यंत सही नाही.
2. नाव, रेसिपी, डिझाइन कुणाच्या मालकीचं राहणार? ब्रँडचं नाव असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज स्वतःच्या नावाने करा. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.
3. किती काळासाठी आणि कुठल्या भागासाठी? लेखन, चित्र, संगीत असं काही देत असाल तर आपला 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क लेखीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तरी दोन्ही लिहूनच घ्या.
4. समोरची कंपनी किंवा दुकान उद्या दुसऱ्याने घेतलं तर माझ्या कराराचं काय? ‘माझ्या लेखी संमतीशिवाय करार दुसऱ्याकडे जाणार नाही’ ही एक ओळ मागून बघा. 1979 मध्ये टॉमचं घोडं नेमकं याच ओळीपाशी अडलं होतं.

मोठी ऑर्डर समोर असते तेव्हा हे प्रश्न विचारायला जीभ जड होते, मला माहीत आहे. तरी विचारा. चांगला व्यापारी प्रश्नांनी पळत नाही. जो पळतो, तो सहीनंतर कसा वागला असता तेही तुम्हाला फुकटात कळलं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!