गार हात आणि रक्तवाहिन्यांतील स्त्रीपुरुषभेद

थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यांत हात घातला कीं कांहीं स्त्रियांचीं बोटें पांढरीं फटक पडतात, मग निळसर होतात, आणि ऊब लागल्यावर लाल होऊन ठणकतात. घरांतील वडील मंडळी याला बहुधा नाजूकपणा म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पॅरिसच्या मोरिस रेनो या वैद्यानें १८६२ सालीं आपल्या प्रबंधांत या विकाराचें वर्णन केलें. तो पुरुषांपेक्षां स्त्रियांत पुष्कळच अधिक आढळतो.

थंडी लागतांच मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य स्रवतें आणि त्वचेतील सूक्ष्म धमन्यांस आकसण्याचा हुकूम पोंचतो. अंगांतील ऊब बाहेर जाऊं नये, हा त्यांतील हेतु. हुकूम दोघांसही एकच. परंतु तो झेलणारे जे कण वाहिनीच्या स्नायुपेशींत असतात, ज्यांस ग्राही म्हणतात, त्यांपैकीं थंडींत जागी होणारी एक जात इस्ट्रोजेन या स्त्रीरसामुळें वाढते, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. १९९८ सालीं अमेरिकेंतील यूटा येथील संशोधकांनीं मोजून पाहिलें, तों स्त्रियांचे हात पुरुषांच्या हातांहून सुमारें तीन अंश फॅरनहीट गार भरले. शरीराच्या अंतर्भागाची उष्णता मात्र स्त्रियांचीच किंचित् अधिक!

यावरून स्त्रियांच्या रक्तवाहिन्या सर्वत्रच आकसखोर, असें कोणी समजूं नये. त्वचा सोडून हाताच्या स्नायूंकडे वळलें, कीं चित्र उलटें होतें. तेंच द्रव्य तरुण स्त्रीच्या बाहूच्या धमनींत सोडलें, तर वाहिन्या पुरुषाच्या मानानें कमी आकसतात. कारण तेथील बीटा जातीचे ग्राही त्यांस सैल करीत असतात. शिवाय धमनीचें अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा सैल करणारा वायु निर्माण करतें, त्यासही इस्ट्रोजेनचें साहाय्य असतें.

ऋतुनिवृत्तीनंतर हें संरक्षण ओसरतें व रक्तदाब चढूं लागतो. आमच्या घरांतून दाब मोजला जातो तो आजोबांचा. आजीबाईंनीं चक्कर आल्याचें सांगितलें, तरी त्यांस आल्याचा काढा मिळतो. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीचा दाब वरचेवर मोजावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

बोटें पांढरीं पडणाऱ्या सुनेस भांडीं-धुण्यास कोंबट पाणी द्यावें, आणि तिनें धूम्रपान व तंबाखू यांपासून दूर राहावें. परंतु हा त्रास चाळिशीनंतर प्रथमच उद्भवला, बोटाच्या टोकास व्रण पडला, किंवा कातडी ताठर होऊं लागली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां डॉक्टरांस दाखवावें. अशा वेळीं त्वचा कठीण करणारा दुसरा एखादा रोग त्यामागें असण्याचा संभव असतो.