बोटॉक्स घेतलं तरी चेहरा ‘आपलाच’ कसा राहतो? समजून घ्या सोप्या भाषेत

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी सेल्फी काढताना ऊन थेट डोळ्यांवर येतं. डोळे बारीक होतात, भुवया जवळ येतात आणि फोटो झूम केला की आधी दिसतात त्या कपाळावरच्या रेघा. मग मोबाइलवर बोटॉक्सचा शोध सुरू होतो. पाठोपाठ भीतीही येते, चेहरा प्लॅस्टिकसारखा झाला तर?

रेघा येतात कुठून?
हसताना, कपाळाला आठ्या घालताना उमटणाऱ्या रेघा स्नायूंमुळे येतात. वय आणि उन्हामुळे त्वचेतलं कोलॅजन कमी झालं की त्याच कायमच्या होतात. तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. हवा गार असल्याने ऊन जाणवत नाही, त्वचेला मात्र ते लागतंच.

इंजेक्शन काय करतं?
बोट्युलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूपासून मिळणारं प्रथिन. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा ‘आकुंचन पाव’ हा निरोप ते काही काळ अडवतं. तिरळेपणावरच्या उपचारासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये, तर भुवयांमधल्या रेघांसाठी २००२ मध्ये बोटॉक्सला मंजुरी मिळाली.

मग चेहरा गोठतो का?
पंख्याचा रेग्युलेटर आठवा. पंखा बंद करायचा नाही, वेग कमी करायचा. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्सचं ठरलेलं प्रमाण ५ जागी मिळून २० युनिट आहे. पण प्रत्येकाचे स्नायू सारखे नसतात, म्हणून चांगला डॉक्टर आधी तुम्हाला हसायला, भुवया उचलायला लावून पाहतो. कपाळाचा स्नायू भुवया वर धरतो. तिथे डोस जास्त झाला तर भुवया जड होऊन खाली येतात. फक्त मधोमध दिला तर भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटही सारखी नसतात, त्यामुळे आकड्यावरून तुलना करू नका.

परिणाम कधी दिसतो?
३-४ दिवसांत सुरुवात, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम. तो ३ ते ४ महिने टिकतो. लग्नासाठी घ्यायचं असेल तर महिनाभर आधी घ्या. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जावं लागतं, म्हणून डोंगरातून शहरापर्यंतच्या दोन फेऱ्या आधीच धरा. पहिल्यांदा डोस कमीच बरा. कमी पडला तर वाढवता येतो, जास्त झाला तर उतरेपर्यंत थांबावं लागतं.

घेण्याआधी हे पाहा
- डॉक्टरची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे का? पार्लरमध्ये किंवा एखाद्याच्या घरी इंजेक्शन घेऊ नका.
- बाटली तुमच्यासमोर उघडली का? ब्रँड, बॅच आणि मुदत लिहून घ्या.
- गर्भवती, स्तनपान देणाऱ्या महिला आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी टाळावं.
- नंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

कायमच्या खोल रेघा एका इंजेक्शनने पुसल्या जात नाहीत, हेही आधीच माहीत असलेलं बरं. आणि पुढच्या वेळी तोरणमाळचा घाट चढताना स्वेटरसोबत टोपी, गॉगल आणि सनस्क्रीनही बॅगेत टाका. नव्या रेघा लांबवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.