गावाचा इतिहास पडद्यावर

बीदरला येणारा प्रवासी प्रथम महमूद गवानच्या मदरशासमोर उभा राहतो. १४७२ साली उभारलेल्या या विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. दर्शनी बाजूचा एक मनोरा शिल्लक आहे. दुसरा सतराव्या शतकाच्या अखेरीस, आत साठविलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन, इमारतीच्या काही भागासह ढासळला. प्रवासी येथून किल्ल्यात जातो, मग अष्टूरच्या बहमनी घुमटांकडे वळतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो. बीदरच्या इतिहासावर एखादा अनुबोधपट काढावा असे कोणी मनात आणले, म्हणजे त्याच्याही डोळ्यांसमोर हाच क्रम उभा राहतो. त्या क्रमाने काढलेले चित्र देखणे होईल यात शंका नाही. परंतु हे घुमट आणखी दहा वर्षांनी चित्रित केले तरी चालण्यासारखे आहे. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. त्याला दहा वर्षे थांबा असे सांगता येत नाही.

स्थानिक घटना कॅमेऱ्याने टिपून ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. किंबहुना भारतीय चित्रपटाचा आरंभच तिच्यापासून झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली आणि १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रण केले. या दोन्ही फिती आज उपलब्ध नाहीत. चित्र काढणे आणि ते राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

पुढे १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केली. मुख्य चित्रपटापूर्वी तिचे अनुबोधपट दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, त्यामुळे कित्येक वर्षे अनुबोधपट म्हणजे खुर्ची शोधेपर्यंत चालणारे काहीतरी, अशी प्रेक्षकांची समजूत झाली होती! ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सरकारी अनुबोधपटांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. परंतु देशाचे चित्र रंगविणाऱ्यांच्या यादीत तालुक्याची पाळी क्वचितच येते. ते काम स्वतंत्र निर्मात्याचे. स्वतंत्र याचा अर्थ इतकाच, की त्याला कोणी आज्ञा देत नाही आणि पैसेही देत नाही.

अशा निर्मात्याची पहिली चूक बहुधा विषय निवडतानाच होते. बीदरचा समग्र इतिहास अर्ध्या तासात सांगावा असे त्याला वाटते. मग बहमनी सुलतान, बरीदशाही, गुरू नानकांचा झिरा, जांभ्या खडकातून खोदलेले करेज नावाचे भूमिगत जलमार्ग, बिदरी कलाकुसर, शेजारच्या बसवकल्याणातील शरणांची चळवळ, असे सारे एकामागून एक येते आणि प्रेक्षकाच्या मनात काहीच राहत नाही. विषय म्हणजे स्थळ नव्हे, विषय म्हणजे प्रश्न. ज्याचे उत्तर निर्मात्याला स्वतःलाही आरंभी ठाऊक नाही, असा एकच प्रश्न त्याने घ्यावा.

असा एक प्रश्न बीदरच्या नकाशातच दडलेला आहे. हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्याची राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे गेले. आज ते तेलंगणात आहेत. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. निजामाची राजवट, हैदराबाद राज्य आणि म्हैसूर राज्य अशा तीन अमलांखाली सीमेवरच्या एखाद्या घराने ती आठ-नऊ वर्षे कशी काढली? लेक दिली त्या गावी जाताना राज्य ओलांडावे लागू लागले, शाळेतील भाषा बदलली, कचेरीतील कागद बदलले, तेव्हा घरात काय बोलणे झाले? याचे उत्तर कोणत्याही ताम्रपटात नाही. ते ओसरीवर बसलेल्या आजोबांपाशी आणि स्वयंपाकघरातील आजींपाशी आहे. आजींपाशी अधिक, असे म्हणावयास हरकत नाही. कारण त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नाही.

म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा: आधी माणसे, नंतर कागद, शेवटी दगड. पहिल्या भेटीस कॅमेरा नेऊ नये. चहा घ्यावा, नातेगोते समजून घ्यावे, जुनी छायाचित्रे पाहावीत. या भागातील वडीलधारी मंडळी इसवी सन क्वचितच सांगतात. ‘रझाकारात’, ‘पोलीस कारवाईत’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ हीच त्यांची कालगणना असते, आणि प्रश्नकर्त्याने तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. बोलणारा ज्या भाषेत स्वप्न पाहतो त्या भाषेत प्रश्न विचारावा. बीदरच्या एका गल्लीत कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि थोडी तेलुगू ऐकू येते. एकच वृद्ध गृहस्थ हिशेब एका भाषेत सांगतात आणि दुःख दुसऱ्या भाषेत. दुभाष्या गावातलाच, परंतु त्या घराच्या भावकीतला नसावा.

चित्रीकरणाच्या दिवशी सर्वांत जास्त काळजी आवाजाची घ्यावी. चित्र थोडे अंधुक असले तर प्रेक्षक सोसतो. शब्द कळला नाही तर तो उठून जातो. आजकाल भ्रमणध्वनीनेही चित्र पुरेसे चांगले निघते. ध्वनिक्षेपक मात्र वेगळा घ्यावा आणि तो बोलणाऱ्याच्या छातीशी लावावा. पंखा बंद करावा, कुकर उतरवून ठेवण्यास सांगावे, आणि बोलणे संपल्यावर त्या रिकाम्या खोलीचा आवाजही मिनिटभर मुद्रित करावा. संकलनाच्या वेळी दोन वाक्यांमधील सांधा लपविण्यास तो उपयोगी पडतो.

येथवरचे सारे सवयीने साधते. खरी कसोटी पुढे आहे. १९४८ सालाविषयी विचारणे म्हणजे जखमेवरची पट्टी काढणे होय. त्या वर्षी मे महिन्यात बसवकल्याण भागातील गोरटा येथे रझाकारांनी हत्याकांड केले; तेथे आज स्मारक आहे. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उसळली आणि तीत मुसलमान कुटुंबे मारली गेली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत बीदरचा समावेश केला. तो अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या हाती नव्हता. २०१३ साली तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. या दोन आठवणी एकाच गावात, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस राहतात. अनुबोधपटात एकीचीच वाणी घेतली तर ते चित्र पुढील भांडणाचे साधन होते. दोन्ही घेऊन तराजूत तोलत बसणेही योग्य नव्हे, कारण एका आईचे दुःख दुसऱ्या आईच्या दुःखाने फिटत नाही. प्रत्येकीला तिचे पूर्ण बोलणे बोलू द्यावे. मधे निवेदकाने येऊ नये.

येथे काही नियम कडक पाळावे लागतात. एकाच साक्षीवरून कोणा व्यक्तीवर खुनाचा किंवा लुटीचा आरोप पडद्यावर आणू नये; त्या नावाचे नातू त्याच गावात दुकान चालवीत असतात. संमती लेखी घ्यावी, ती बोलणाऱ्याच्या भाषेत असावी आणि वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातील माणसाने ती वाचून दाखवावी. चित्र पूर्ण झाल्यावर प्रथम त्यालाच दाखवावे व एखादे वाक्य काढा असे तो म्हणाला तर ते काढावे. त्या वाक्याने चित्रपट गाजला असता, हा युक्तिवाद करू नये.

कागदपत्रांचे काम याहून संथ. जिल्हा तीन राज्यांत गेला तसे त्याचे दप्तरही विखुरले. निजामी कारभाराचे कागद बहुधा उर्दूत आहेत आणि त्यांसाठी हैदराबादच्या अभिलेखागारात जावे लागते. घरोघरच्या पेट्यांत मोडीचे कागद सापडतात, पण ते वाचणारे बोटावर मोजण्याइतके उरले आहेत. वास्तूंविषयी जेम्स बर्जेस यांचा १८७८ सालचा अहवाल आणि गुलाम यझदानी यांचा १९४७ साली प्रसिद्ध झालेला बीदरवरील ग्रंथ यांना पर्याय नाही. लाला दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकात घेतलेली बीदरची छायाचित्रे आहेत. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील हक्क आपल्या कायद्याप्रमाणे ६० वर्षांनी संपतो, म्हणून ती वापरण्यास हक्काची आडकाठी नाही. संग्रहालयाकडून प्रत मिळविण्याचे शुल्क मात्र वेगळे पडते. चित्रपटगीतांच्या बाबतीत पुष्कळ हौशी निर्माते फसतात. पार्श्वभूमीला जुने गाणे घातले की हक्कांचा मालक दाराशी उभा राहतो. त्यापेक्षा गावातील भजनी मंडळाला बोलवावे.

दगडांकडे यावयाचे ते शेवटी. किल्ला, मदरसा, अष्टूरचे घुमट ही संरक्षित स्मारके आहेत. तेथे चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते व तिचा अर्ज बराच आधी करावा लागतो. आकाशातून किल्ला दाखविण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु बीदरला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या व लाल विभागांत वाटलेला आहे, आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून यंत्र उडविणे हा गुन्हा ठरतो. नकाशा न पाहता पेटी उघडू नये. दगडांपेक्षा चालते हात कॅमेऱ्याला अधिक मानवतात. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवितो आणि शेवटी किल्ल्यातील जुन्या मातीच्या द्रावणात ते भांडे घालतो. धातू काळाभोर होतो आणि चांदी लखलखीत राहते. ते अर्धे मिनिट पुस्तकाला दाखविता येत नाही. अष्टूरच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील मड्याळहून जंगम स्वामी येतात, तेही असेच.

पैशाचा प्रश्न दादासाहेब फाळक्यांच्या मार्गाने सोडवावा. १९१२ साली फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक इवलासा चित्रपट तयार केला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना भांडवल दिले, आणि पुढल्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. शंभर पानी योजनेपेक्षा तीन मिनिटांचा नमुना अधिक बोलतो. एका आजींचे तीन मिनिटांचे बोलणे, दोन जुनी छायाचित्रे आणि एक स्पष्ट प्रश्न एवढे घेऊन गावातील व्यापारी, शिक्षणसंस्था, पुण्या-हैदराबादेस स्थायिक झालेली बीदरकर कुटुंबे आणि कलांना अनुदान देणारे न्यास यांच्याकडे जावे. देणगी घ्यावी, अट घेऊ नये. पुढाऱ्याचे पैसे निवडणुकीच्या वर्षी तर मुळीच घेऊ नयेत.

संकलनाला चित्रीकरणाच्या तिप्पट वेळ धरावा. सर्व बोलणे आधी कागदावर उतरवावे लागते; एक तासाचे बोलणे उतरविण्यास चार तास सहज जातात, आणि चार भाषा असल्या तर त्याहूनही अधिक. खालच्या ओळींत भाषांतर देताना सीमेवरच्या मराठीला पुणेरी करू नये. चित्राची लांबी ३० मिनिटांच्या आसपास असावी, कारण शाळेचा तास ३५-४० मिनिटांचा असतो आणि हे चित्र शाळांत गेले नाही तर ते काढण्याचा निम्मा हेतू वाया गेला.

आता प्रसार. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. बीदरला हैदराबादचे कार्यालय जवळचे असले तरी अर्ज आता संगणकावरूनच होतो. महोत्सवांना चित्र अवश्य पाठवावे. मुंबईचा अनुबोधपट व लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून चालू आहे. यूट्यूबच्या उत्पन्नावर मात्र कोणी विसंबू नये. हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण झाल्यावाचून तेथे जाहिरातीचा पैसाही मिळत नाही. आनंद पटवर्धन यांनी १९९७ सालच्या रमाबाई नगर गोळीबारापासून आरंभ करून १४ वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला आणि ज्या वस्त्यांतील शाहीर व श्रोते त्यात आहेत त्या वस्त्यांत नेऊन दाखविला. बीदरच्या चित्रालाही हाच रस्ता आहे: आधी भालकी-औरादची गावे, मग उदगीर, मग जहीराबाद. उदगीरला २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. तेथील श्रोत्यांपैकी कितीजणांना आपण एकेकाळी बीदर जिल्ह्यात होतो हे माहीत असेल, असा प्रश्न पडतो. प्रत्येक खेळानंतर अर्धा तास चर्चेला ठेवावा, आणि कोणी म्हातारा उठून ‘असे नव्हते, असे होते’ म्हणाला तर त्याचे नावगाव लिहून घ्यावे.

चित्रात न घेतलेले सारे मुद्रण जपावे. अर्ध्या तासाच्या चित्रामागे तीस-चाळीस तासांचे बोलणे उरते आणि भावी अभ्यासकाला तेच अधिक मोलाचे वाटेल. त्याच्या तीन प्रती कराव्यात. एक निर्मात्याकडे, एक बोलणाऱ्याच्या घरी, आणि एक बीदरबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात. प्रत्येक फितीवर बोलणाऱ्याचे नाव, गाव, भाषा व तारीख त्याच दिवशी लिहावी. उद्यावर टाकली की ती राहते.