अमेरिकन वंशाची कोकणी इंजिने

कोकण रेल्वेवर वाफेच्या इंजिनांचा जमाना आलाच नाही. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ च्या सुमारास निवृत्त झाली आणि ७४१ किलोमीटरचा हा मार्ग पुरता खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. रत्नागिरीकराच्या डोळ्यांपुढे रेल्वे म्हणून उभे राहते ते डिझेल इंजिनच.

त्या इंजिनाचे मूळ न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचे. तिथल्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीची, म्हणजे 'अल्को'ची, डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने १९६२ पासून भारतात आली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. मूळ कंपनीला १९६९ मध्ये टाळे लागले, पण काशीत तिचा वंश वाढतच राहिला. डब्ल्यूडीएम-३ए ३,१०० अश्वशक्तीवर गेले, ३डी ३,३०० वर. कल्याण शेडची हीच भावंडे चाकरमान्यांना गणपतीला गावी आणत.

अल्को ओळखायचे ते धुरावरून. इंजिन जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर सहा आसांवरच्या मोटारी चाके फिरवतात. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त सुटते, हवा कोंबणारा टर्बो मात्र वेग घ्यायला वेळ लावतो. हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळते आणि छपरातून काळा लोट उठतो. फलाटावरची पोरे खूश, वाळत घातलेल्या कपड्यांचे मालक नाराज! पुढे जनरल मोटर्सच्या आराखड्याची ४,००० अश्वशक्तीची इंजिनेही या मार्गावर धावली. ती ताकदीने सरस, पण हा तमाशा त्यांना जमला नाही.

रत्नागिरीच्या उत्तरेला उक्शी-भोकेदरम्यान करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. तिथे धूर बाहेर फेकायला मोठाले पंखे बसवावे लागले. दक्षिणेला पानवलचा ६४ मीटर उंच पूल. चढ मात्र दीडशेला एक याहून तीव्र ठेवलेला नाही. डोंगर पोखरून, या मार्गाच्या उभारणीचे प्रमुख श्रीधरन यांच्या माणसांनी वाट सपाट केली, म्हणून तर लांबलचक गाड्या आणि ट्रक लादलेली रो-रो या इंजिनांना पेलली.

२०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले आणि २० जूनला त्याचे लोकार्पण झाले. खर्च, धूर, बोगदे, कोणत्याही अंगाने पाहा, निर्णय योग्यच होता. डिझेलची सद्दी जेमतेम पाव शतकाची ठरली.

पहिल्या अल्कोंपैकी १८०४० क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपले आहे. पण ते दिल्लीत. कोकणात राबलेले एखादे अल्को भंगारात निघण्याआधी रंगरंगोटी करून रत्नागिरी स्थानकाबाहेर उभे करावे, आणि शेजारच्या पाटीवर स्केनेक्टडी, वाराणसी, कल्याण ही तिन्ही नावे लिहावीत. रेल्वेने आणि नगरपरिषदेने मिळून एवढे मनावर घ्यावे.